अनियतकालिकाचा सहावा अंक काढावा की थांबावं?

पाणंद
रविवार, रात्री १०:१२

मंडळी, सल्ला हवाय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

चार वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी रत्नागिरीतून एक अनियतकालिक सुरू केलं. मुख्यतः कविता, तोंडी लावायला थोडं गद्य. नाव इथे देत नाही, नाहीतर धागा जाहिरातीसाठी काढलाय म्हणाल. जोडीला दोन-अडीच महिन्यांनी एका रविवारी संध्याकाळी कवितावाचन. हारतुरे नाहीत, अध्यक्ष नाही. गोल बसायचं, वाचायचं, शेवटी कांदेपोहे. पाच अंक निघाले. सहाव्याचं साहित्य जमलंय, पैसे अर्धे जमलेत आणि उत्साह पैशांहून कमी.

आधी हिशोब. पाचवा अंक डेमी आकारात, ६४ पानी, म्हणजे सोळा पानी चार फर्मे. ३०० प्रती. छपाई, मुखपृष्ठ, बांधणी धरून २२,००० रुपये गेले. किंमत १०० ठेवली होती. १३० प्रती खपल्या, पैकी निम्म्या तरी ज्यांच्या कविता होत्या त्यांनीच मामा-मावशांना वाटायला घेतल्या. पन्नासेक भेट गेल्या. बाकीच्या माझ्या माळ्यावर. काल गठ्ठा सोडला तर पानं पापडासारखी वळलेली. मधल्या दोन्ही पिना गंजल्या आहेत आणि त्यांचा तांबडा डाग बरोबर ३२ आणि ३३ पानांच्या मध्ये उतरलाय. तिथे एका अकरावीतल्या मुलीची पहिलीच छापील कविता आहे.

पण खरं दुखणं पैशाचं नाही, नकाराचं आहे. मोठ्या शहरातला संपादक 'साभार परत' लिहून मोकळा होतो. इथे ज्याची कविता परत केली तो दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात माझ्याच शेजारी उभा राहून सुरमईचा भाव करत असतो.

आमच्या वाचनाला पहिल्यापासून एका निवृत्त मुख्याध्यापकांनी त्यांची पडवी दिली होती. आमच्यातल्या एकाला त्यांनी शाळेत शिकवलंय. पाचव्या अंकासाठी गुरुजींनी बारा कविता दिल्या, वहीत सुवाच्य अक्षरात, समास सोडून. पाऊस, मायमराठी, करोना, नात. आम्ही तिघांनी तीनदा वाचल्या आणि एकही घेतली नाही. सांगायला मी गेलो. ते "बरं" म्हणाले, कोकम सरबत दिलं, वही कपाटात ठेवली. त्यानंतर वाचनासाठी विचारलं की उत्तर एकच, "यावेळी पडवी सारवायची आहे." वर्ष झालं, पडवी सारवून होत नाहीये.

तुम्ही लोक नकार कसा देता? की देतच नाही?

शंकासुर
रविवार, रात्री १०:५१

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत वगैरे. पण एक विचारू? हा अंक वाचतं कोण? कोकणात दगड उचलला तर खाली खेकडा असतो, नाहीतर कवी. तुमच्या १३० गिऱ्हाइकांत कविता न लिहिणारे किती, ते आधी मोजा. आकडा एका हातावर मावला तर छपाई बंद करा, पीडीएफ काढा, व्हॉट्सॅपवर सोडा. २२,००० वाचले आणि गुरुजींच्या बाराही कविता मावतील. पीडीएफला पानांची मर्यादा नसते.

पाणंद
रविवार, रात्री ११:०४

@शंकासुर, मोजले. सात निघाले. दोन हात लागले, पण फार नाही.

पीडीएफ तिसऱ्या अंकाची काढली होती. 'छान', 'अप्रतिम', दोन हात जोडलेले, फुलांचा गुच्छ. आठ दिवसांनी भेटल्यावर विचारलं, कुठली आवडली? एकालाही सांगता आलं नाही. छापील अंकावर निदान भांडायला तरी येतात. आणि पानांची मर्यादा नसणं हीच तर पीडीएफची अडचण आहे. ६४ पानं आहेत म्हणून निवडावं लागतं.

जोडाक्षर
सोमवार, सकाळी ९:२०

मी डीटीपी करते, वीसेक वर्षं झाली. संपादकांचे अश्रू बरेच पाहिलेत.

३०० प्रती तुम्हाला कोणी सांगितल्या? प्रेसवाल्यानेच ना? ऑफसेटला प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, हजाराला तेवढाच. म्हणून तो म्हणतो, "अजून दोनशे घ्या की, फक्त कागदाचे पैसे." आपल्याला ते स्वस्त वाटतं आणि माळा भरतो. डिजिटलवर १०० काढा. प्रतीमागे महाग पडेल, पण एकूण खिशातून कमी जाईल, आणि संपल्या तर पुन्हा पन्नास काढता येतात. फर्म्याच्या हिशोबात अडकायची गरज नाही, पानं चारच्या पटीत ठेवली की झालं. ४८ करा.

पिना लावूच नका. समुद्राकाठी पिन म्हणजे गंज ठरलेला. अंक मधोमध घडी घालून आरीने तीन भोकं पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचं. मधल्या भोकातून सुई आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर, उरलेल्या दोन टोकांची गाठ. एका प्रतीला चार मिनिटं. शंभर प्रती म्हणजे सहा-सात माणसांचा एक तास. पुढच्या वाचनाला तेच करायला बसवा सगळ्यांना.

आता माझं गाऱ्हाणं. कवींनो, जुन्या फॉन्टमधली फाईल कन्व्हर्टरमधून काढून तशीच पाठवू नका. गेल्या वर्षी एका संग्रहात 'सह्याद्रीच्या दऱ्या'चं 'सह्याद्रीच्या दर्या' होऊन आलं होतं. कवी म्हणाले, "असू दे, प्रतिमा वेगळी वाटते." नुसता 'र' घेऊन पाय मोडला की रफार होतो. ऱ्य हवा असेल तर 'ऱ' घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, मग 'य'. आणि 'ल', 'श' मराठी वळणाचे हवेत, हिंदी वळणाचे नकोत. 'मुक्त'सारखे फॉन्ट फुकट मिळतात, पण निवडलेल्या फॉन्टात 'ल' कुठल्या वळणाचा येतोय ते एक ओळ टाइप करून आधी बघा.

तिखला
सोमवार, दुपारी १:३५

खरा सांगू? माका संपादकांचोच राग येता. एका अंकाक मी मालवणीत कविता धाडलंय. नाव घेणय नाय. 'आवस चुलीकडे बसान रडता' असा लिवलंय. छापान इला तेव्हा 'आई चुलीपाशी बसून रडते'. फोन केलंय तर म्हणतत, "वाचकांना कळावं म्हणून." माझी आवस रडता ती मालवणीत रडता रे बाबा.

आता प्रमाण भाषेत लिहितो, नाहीतर शंकासुराक कळूचा नाय. परत केली असती तर मी दोन दिवस शिव्या दिल्या असत्या आणि विसरलो असतो. बदलून छापली ते सात वर्षांत विसरलेलो नाही. तळटीप द्या, शब्दार्थ द्या, ओळीला हात लावायचा तर विचारा.

शंकासुर
सोमवार, दुपारी १:५०

@तिखला, शंकासुर संगमेश्वरचा असा. सगळा कळता.

बुकपोस्ट
सोमवार, रात्री ८:१५

माझ्या सदस्यनामाचीच सेवा गेली, म्हणून आधी टपाल. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांची सवलतीच्या दरातली रजिस्टर सेवा बंद झाली आणि २०२५ मध्ये रजिस्टर टपालच स्पीड पोस्टात विलीन झालं. बाहेरगावी प्रती पाठवायच्या तर टपालखर्च अंकाच्या किमतीत धरू नका, वेगळा मागा. नाहीतर शंभराचा अंक विकून वर्गणीदारागणिक तोटा खाल.

कायद्याचं थोडक्यात. १८६७ चा छापखान्यांचा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा लागू आहे. शीर्षक आणि नोंदणी आता ऑनलाइन होते. या कायद्यात 'नियतकालिक' म्हणजे ठरावीक अंतराने निघणारं आणि सार्वजनिक घडामोडी किंवा त्यांवरचं भाष्य छापणारं प्रकाशन. तुमचा पुढचा अंक कधी निघेल हे तुम्हालाच ठाऊक नाही, तेव्हा मुखपृष्ठावर हौसेने 'त्रैमासिक' छापू नका. छापायचंच असेल तर आधी नोंदणीचं नीट विचारून घ्या. काही जण प्रत्येक अंक पुस्तक म्हणून काढतात, त्याला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, घेतात. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो, फक्त सबुरी हवी.

'अनियत' या शब्दाची लाज वाटू देऊ नका. १९५४ च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं ते सायक्लोस्टाइल करून. साठच्या दशकात 'असो', 'फक्त', 'येरू' अशी कितीतरी आली आणि थोड्याच काळात मिटली. १९६९ साली याच मंडळींतल्या काहींनी ज्या 'सत्यकथा' मासिकाची होळी केली तेही १९८२ मध्ये बंद झालं. अंक बंद पडतात. त्यात पाप नाही.

सुरंगी
सोमवार, रात्री ९:४०

कुडाळहून लिहितेय. चिं. त्र्यं. खानोलकरांनी खानावळ चालवली ते आमचं गाव. आरती प्रभू या नावाने त्यांच्या कविता मुंबईच्या 'सत्यकथे'त येत होत्या, तेव्हा ते इथे लोकांना जेवण वाढत होते. म्हणून पाणंद, तुमच्या मासळीबाजाराच्या वाक्यावर जरा थांबले. इथला कवी शेजारी उभाच असतो, ही तक्रार म्हणून सांगता, ती मला तशी वाटत नाही.

आम्ही अंक काढत नाही, फक्त वाचन करतो, सहा वर्षं. शिकलो ते सांगते.

वेळ. एप्रिल-मेमध्ये आंबा, कुणाला मान वर करायला फुरसत नाही. जून-जुलै लावणी, आणि वीज. भाद्रपदात चाकरमानी येतात पण ते गणपती सोडून कुठे जात नाहीत. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की रात्री दशावतार, त्याच्यासमोर कविता वाचून दाखवाच. फाल्गुनात शिमगा. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, जिल्ह्यातला प्रत्येक कवी तीन ठिकाणी प्रमुख पाहुणा असतो. उरतात पौष-माघातले रविवार आणि श्रावणातल्या दुपारी. आम्ही श्रावण धरलाय. बाहेर धो धो पाऊस, आत पंधरा माणसं, कौलांवरच्या आवाजामुळे वाचणाऱ्याला आवाज चढवावाच लागतो. पुटपुटणारे कवी सुधारले.

माईक नाही हे उत्तम. माईक हातात आला की माणूस 'रसिकहो' म्हणतो. लाउडस्पीकर नसला की परवानगीची धावपळ नाही आणि रात्री दहाचा काटाही नाही.

पाहुणा एकदाच बोलावला. मध्यरात्री दादरहून सुटणाऱ्या तुतारी एक्सप्रेसने आला. केशवसुतांच्या कवितेचं नाव २०१७ मध्ये दिलेली गाडी, म्हणून त्याने मुद्दाम तीच धरली होती. गाडी रखडली, स्टेशनातून थेट जेवायला, जेवण झाल्यावर तो झोपला तो साडेपाचला उठला. वाचन चारला होतं. त्याच्याविना दीड तास जो झाला तो आमचा आजवरचा सगळ्यात चांगला दीड तास.

आता तुमच्या प्रश्नाचं. आमच्याकडे एक रीत आहे, कविता वाचून झाल्यावर कोणी 'छान' म्हणायचं नाही. लक्षात राहिलेली ओळ जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. काहीच राहिलं नसेल तर गप्प. त्या गप्प बसण्यात नकार आपोआप पोचतो, आणि तो एकट्या संपादकाच्या तोंडून येत नाही. गुरुजींना तुम्ही बारा कवितांना नाही म्हणालात. बारांमधल्या एखाद्या ओळीला हो म्हणाला होतात का?

शंकासुर
सोमवार, रात्री १०:३०

@बुकपोस्ट, @सुरंगी, सगळं छान. आता मीठ टाकतो.

बाळशास्त्री जांभेकर देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं, ते मुंबईत. काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर, सावंतवाडीकडचे. १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तोही मुंबईत. केशवसुत मालगुंडला जन्मले आणि १९०५ मध्ये हुबळीला गेले. विंदा धालवलीचे, पाडगावकर वेंगुर्ल्याचे, दोघंही मुंबईत गाजले. खानोलकरही शेवटी खानावळ सोडून मुंबईलाच गेले. कोकणातून माणसं निघतात, अंक निघत नाहीत. आपल्याकडे उरतात ती स्मारकं.

वाशिष्ठी
मंगळवार, सकाळी ७:५५

@शंकासुर, स्मारकांना नावं ठेवू नका. मालगुंडच्या केशवसुत स्मारकात आम्ही शाळेच्या सहलीतून गेलो होतो, १९९४ साली ते उभं राहिलं त्यानंतर थोड्याच वर्षांनी. भिंतीवरची कविता वाचत उभी राहिले आणि बस चुकता चुकता राहिली. छापील कविता म्हणजे काय हे तिथे कळलं. आणि वाचनालयांचं काय? रत्नागिरीचं १८२८ चं, सावंतवाडीचं १८५२ चं, आमच्या चिपळूणचं १८६४ चं. ती कोणी मुंबईला नेली नाहीत.

पाणंद, सगळ्या प्रती एका माळ्यावर ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला आमच्या वाचनालयात पाणी शिरलं. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही ओली पुस्तकं उचलत होतो. भिजलेलं पुस्तक विटेसारखं जड होतं आणि उघडायला गेलं की पानं एकमेकांना सोडत नाहीत. त्या ढिगात स्थानिक लोकांनी स्वतःच्या पैशाने छापलेल्या पुस्तिका होत्या, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. दर अंकाच्या दोन-दोन प्रती तीन वेगळ्या गावांच्या वाचनालयांत द्या. एकाच नदीच्या काठावरची नकोत.

पाणंद
मंगळवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार. @जोडाक्षर, ४८ पानं आणि १०० प्रती नक्की. शिवण्याची कल्पना ऐकून आमच्यातला एक लगेच मेण शोधायला गेला. @वाशिष्ठी, उद्याच सुरू करतो.

एक शंका. सहाव्या अंकात पहिल्या पानावर आरती प्रभूंची एक कविता पुनर्मुद्रित करायचं मनात आहे. जुनी आहे, चालेल ना?

बुकपोस्ट
मंगळवार, रात्री ९:२५

परवानगी घेतल्याशिवाय नाही. लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. खानोलकर १९७६ ला गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत थांबा, नाहीतर वारसांना विचारा. केशवसुत केव्हाच मुक्त आहेत. वाचनात एखादा उतारा वाचायला हरकत नसते, छापणं वेगळं. आणि जाता जाता, पहिल्या पानावर मोठ्या कवीला बसवायची गरज का वाटते? तो अंक तुमच्या लोकांचा आहे.

सुरंगी
मंगळवार, रात्री ९:५०

गुरुजींना केशवसुत वाचायला बोलवा की. शिक्षकांना पाठ असतात.

पाणंद
मंगळवार, रात्री १०:०२

तेही करून झालंय. म्हणाले, "माझ्या चालत नाहीत, केशवसुतांच्या चालतात होय?" यावर काय बोलणार.

तिखला
मंगळवार, रात्री १०:०६

गुरुजी भारी असत.

पाणंद
शनिवार, रात्री ११:४०

काल जाऊन आलो.

सुरंगीताईंचा प्रश्न डोक्यात होता, म्हणून जाण्याआधी आठवायला बसलो. बारा कविता, वर्ष उलटलेलं, वही माझ्याकडे नाही. तरी एक ओळ आठवली. पावसावरच्या कवितेत मध्येच होती. गुरुजींना म्हटलं, तेव्हा सांगायचं राहिलं, तुमची एक ओळ माझ्या लक्षात राहिली आहे. ते म्हणाले, "कुठली?" मी म्हणून दाखवली.

'पाऊस गेला परगावा, पागोळी राखी घर.'

त्यांनी पुन्हा म्हणायला लावली. मग उठून कपाटातून वही काढली, ते पान उघडलं, चष्मा पुसला. म्हणाले, "ही माझी नाही. आईची. जात्यावर म्हणायची. वडील मुंबईला गिरणीत होते. बाकीच्या तेरा ओळी मी तिला जोडल्या." मग वही माझ्याकडे फिरवून म्हणाले, "तेरा ओळी बऱ्या नाहीत, एवढं मलाही कळतं. ही छापायची तर नाव कुणाचं घालणार?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. अशा आणखी किती आठवतात विचारलं, तर म्हणाले बघतो. पडवीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. निघताना नजर गेली, सारवण कधीच वाळलेलं होतं.

तिखला
शनिवार, रात्री ११:४८

आवशीचा नाव घाला. आणि 'राखी'चा 'राखते' करू नकात.

जोडाक्षर
रविवार, सकाळी ८:३०

डाव्या पानावर एकटी घ्या, वर-खाली मोकळी जागा सोडून, खाली आईंचं पूर्ण नाव. गुरुजींकडून नावाचं लेखन लिहूनच आणा, अंदाजाने घालू नका. फाईल युनिकोडमध्ये पाठवा.